इंजिनाचे दिवे: आधी नियम, मग वायर

मॉडेल इंजिनात डिकोडर, म्हणजे मोटर आणि दिवे चालवणारे छोटे सर्किट, बसवायचा म्हटले की पहिला हात सोल्डरिंग आयर्नकडे जातो. माझ्या मते तो आधी कागद-पेन्सिलीकडे जायला हवा. इंजिनाच्या दोन्ही टोकांना कोणते दिवे आहेत, त्यांपैकी कोणता केव्हा लागतो, केव्हा मंद होतो आणि केव्हा मुळीच लागता कामा नये, हे लिहून काढल्याशिवाय डिकोडरला किती आउटपुट, म्हणजे दिव्यांसाठीच्या स्वतंत्र जोडण्या, हवेत हेच कळत नाही. ते न कळता आणलेला डिकोडर कितीही भारी असला, तरी इंजिनाचे दिवे चुकीचेच काही सांगत राहतात.

भुसावळमध्ये राहणाऱ्याला हा कागद भरणे अवघड नाही. नागपूरकडचा आणि खंडवा-इटारसीकडचा मार्ग इथे वेगळा होतो, विद्युत इंजिनांची लोको शेड गावातच आहे, आणि अंधार पडल्यावर फलाटाच्या टोकाला थोडा वेळ उभे राहिले की गाडी घेऊन आलेली, गाडी सोडून सुटी झालेली, एकटीच शेडकडे परतणारी अशी सगळ्या अवस्थांतली इंजिने नजरेस पडतात. त्यातून काही कळले नाही, तर विचारायला माणसे आहेतच. आमच्या शेजारी एक निवृत्त ड्रायव्हर काका राहतात. जर्मन बनावटीचे एक एचओ (१:८७ प्रमाणातले) मॉडेल चार डबे घेऊन फिरत असताना त्यांनी ते पाहिले आणि विचारले, "मागे डबे जोडले आहेत ना? मग इंजिनाचा हा लाल दिवा कुणाला दाखवतोस?" त्या एका प्रश्नात दिव्यांच्या वायरिंगचा निम्मा विषय आला.

भारतीय रेल्वेच्या सामान्य नियमांनुसार रात्री धावणाऱ्या गाडीच्या इंजिनाला पुढे हेडलाइट आणि दोन पांढरे मार्कर दिवे लागतात. गाडी पूर्ण आहे हे सांगणारा लाल दिवा शेवटच्या डब्याचा असतो, इंजिनाचा नव्हे. इंजिन एकटे धावत असेल तर मात्र त्याच्या मागच्या टोकाला लाल मार्कर हवेत, कारण तेव्हा तेच गाडीचे शेवटचे टोक असते. समोरून दुसरी गाडी येत असेल तर हेडलाइट मंद करायचा असतो. याखेरीज पिवळसर फ्लॅशर असतो. गाडीला अपघात झाला, किंवा शेजारच्या मार्गाला अडथळा होईल अशा रीतीने ती अचानक थांबली, तर लोको पायलट तो सुरू करतो आणि तो पाहून समोरच्या गाडीने थांबायचे असते. म्हणजे दोन्ही टोकांना केबिन असलेल्या डब्ल्यूएपी-४ किंवा डब्ल्यूएजी-७ सारख्या विद्युत इंजिनासाठी पुढचा हेडलाइट, मागचा हेडलाइट, पुढचे पांढरे मार्कर, मागचे पांढरे मार्कर, पुढचे लाल, मागचे लाल आणि फ्लॅशर इतके वेगवेगळे चालणारे दिवे झाले. बाजारात सहज मिळणाऱ्या साध्या डिकोडरला आउटपुट असतात चार. इथून पुढचे सगळे काम या तफावतीशी जुळवून घेण्याचे आहे.

या छंदात नव्याने येणाऱ्यांसाठी डिकोडर काय करतो ते थोडक्यात सांगतो. जुन्या पद्धतीत रुळांतल्या विजेचा दाब कमी-जास्त करून इंजिन पळवतात, त्यामुळे इंजिन थांबले की दिवेही विझतात. डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल) पद्धतीत रुळांवर कायम साधारण १४ ते १६ व्होल्ट असतात आणि त्याच विजेची दिशा झपाट्याने उलटसुलट करून संदेश पाठवला जातो. अर्धी लाट ५८ मायक्रोसेकंदांची असेल तर तो १, आणि १०० मायक्रोसेकंद किंवा त्याहून लांब असेल तर तो ०. डिकोडर हे आकडे वाचतो, संदेश आपल्या पत्त्यावर आला आहे का ते पाहतो आणि त्याप्रमाणे मोटर व दिवे चालवतो. जर्मनीतल्या लेन्झ कंपनीच्या पद्धतीवरून अमेरिकेतल्या एनएमआरए या मॉडेल रेल्वे संघटनेने १९९० च्या दशकात याचे मानक ठरवले. त्यामुळेच एका कंपनीचा डिकोडर दुसऱ्या कंपनीच्या यंत्रणेवर चालतो आणि वायरींचे रंगही सगळीकडे सारखे असतात.

ते रंग पाठ असलेले बरे. लाल वायर उजव्या रुळाकडून वीज घेते आणि काळी डाव्या रुळाकडून. नारिंगी आणि करडी मोटरला जातात. निळी वायर सर्व दिव्यांची सामाईक धन वायर असते. पांढरी पुढच्या हेडलाइटची, पिवळी मागच्या हेडलाइटची, हिरवी पहिल्या जादा आउटपुटची आणि जांभळी दुसऱ्याची. लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की डिकोडर दिव्याला धन बाजूने वीज "देत" नाही. निळीवर वीज कायम असते आणि डिकोडर ऋण बाजू जोडतो किंवा तोडतो. म्हणून प्रत्येक एलईडीचा धन पाय निळीकडे आणि ऋण पाय रंगीत वायरीकडे जातो. तीन पायांचे लाल-पांढरे जोड एलईडी घ्यायचे असतील तर सामाईक पाय धन असलेलेच घ्यावे लागतात. सामाईक ऋण पायाचे एलईडी या व्यवस्थेत निरुपयोगी आहेत, आणि दुकानात दोन्ही एकाच खोक्यात मिसळलेले असतात. मी जोड एलईडी टाळतोच. ०४०२ मापाचा एलईडी एक मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद असतो, तेव्हा मार्करच्या खोबणीत लाल आणि पांढरा असे दोन सुटे एलईडी शेजारी शेजारी बसतात आणि पुढच्या सगळ्या चिंता मिटतात.

आठ पिनांचे सॉकेट असलेल्या इंजिनात प्लग उलटा बसला तरी मोटर चालते आणि दिवे तेवढे बंद राहतात. तसे होण्याचे कारण पिनांच्या मांडणीतच आहे. उलट्या प्लगमध्ये नारिंगीच्या जागी करडी येते, लालच्या जागी काळी येते, पांढरीच्या जागी पिवळी येते आणि निळीच्या जागी हिरवी. मोटरला आणि रुळांना या अदलाबदलीने फारसा फरक पडत नाही, पण दिव्यांना निळीवरची धन वीज मिळेनाशी होते. म्हणून नवे इंजिन धावते पण दिवा लावत नाही अशी तक्रार कुणी घेऊन आले, तर मी मल्टिमीटर काढण्याआधी प्लग पाहतो.

आता रेझिस्टर. निळीवर १४ व्होल्ट धरले आणि पांढऱ्या एलईडीवर ३ व्होल्ट पडतात असे धरले, तर उरलेले ११ व्होल्ट रेझिस्टरने घ्यायचे. एक किलोओहमचा रेझिस्टर लावला तर एलईडीतून ११ मिलिअँपिअर जातात. सगळीकडे हाच आकडा सांगितला जातो आणि त्याने काही जळत नाही हे खरे, पण आजच्या ०४०२ एलईडीला ११ मिलिअँपिअर म्हणजे डोळ्यांत घुसणारा उजेड. हेडलाइटसाठी दोन पांढरे एलईडी एकामागे एक जोडावेत. दोघांचे मिळून ६ व्होल्ट जातात, ८ उरतात आणि २.२ किलोओहमला सुमारे ३.६ मिलिअँपिअर मिळतात. जोडदिव्याच्या हेडलाइटला हे शोभते. मार्करला १० किलोओहमही पुरतो. एक मिलिअँपिअरच्या आसपास करंट गेला की मार्कर दिसतो, पण हेडलाइटवर मात करत नाही. खऱ्या इंजिनातही तसेच असते, हेडलाइट उजेड पाडण्यासाठी आणि मार्कर फक्त दिसण्यासाठी. रंगाचाही विचार करावा. जुन्या बल्बच्या काळातले इंजिन असेल तर पिवळट पांढरा एलईडी घ्यावा आणि हल्लीचे एलईडी हेडलाइट असलेले इंजिन असेल तर शुभ्र.

लाल आणि पांढरा एलईडी एकाच रेझिस्टरवर समांतर जोडू नयेत. लालवर सुमारे २ व्होल्ट पडतात आणि पांढऱ्याला ३ लागतात, त्यामुळे लाल पेटला की दाब दोनवरच अडतो आणि पांढरा पेटतच नाही. प्रत्येक शाखेला स्वतंत्र रेझिस्टर लावला की हा प्रश्न उरत नाही. रेझिस्टर अर्ध्या दमडीची वस्तू आहे, तिथे काटकसर करण्यात काही अर्थ नाही.

या कामाला लागणारी बारीक तार शोधत मोठ्या शहरात जायची गरज नाही. जळगाव-भुसावळ पट्ट्यात केळीच्या बागांना पाणी देणारे पंप आहेत, आणि पंप आहेत तिथे मोटर रिवाइंडिंगची दुकाने आहेत. पंपाची तार आपल्या कामाला जाड पडते, पण तोच माणूस पंखे आणि छोट्या कॉइलीही भरत असेल तर त्याच्याकडे ३६ ते ४० गेजची इनॅमलची तार हमखास मिळते. ३६ गेज म्हणजे सुमारे ०.१९ मिलिमीटर आणि ४० गेज म्हणजे ०.१२. मार्करला चाळीसची घ्यावी. एलईडी दुहेरी टेपवर पालथा चिकटवावा, दोन्ही टोकांना आधी कथलाचा बारीक थेंब द्यावा, तारेच्या टोकावरचे इनॅमल ब्लेडने अलगद खरवडून त्यावरही कथील चढवावे, आणि मग टोक थेंबावर टेकवून आयर्नचा स्पर्श एका क्षणापुरता करावा. आयर्न रेंगाळले तर एलईडीचे प्लास्टिक वितळते. जोड झाला की तिथल्या तिथे ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि १ किलोओहमचा रेझिस्टर लावून एलईडी पेटतो का ते पाहावे आणि धन तारेच्या टोकाला खूण करावी. इंजिनाचे बॉडी शेल बंद केल्यावर दोन सारख्याच तांबूस तारांपैकी धन कोणती हे ओळखता येत नाही.

शेलबद्दलही दोन शब्द. पातळ प्लास्टिकमधून एलईडीचा उजेड आरपार येतो आणि रात्री इंजिनाचे अख्खे नाक लालसर किंवा पांढुरके दिसते. आतून आधी काळा रंग आणि त्यावर पांढरा किंवा रुपेरी रंग दिला की हे थांबते. शेल आणि चासिस यांच्यामध्ये छोटा कनेक्टर टाकावा, म्हणजे साफसफाईसाठी शेल काढताना तारा तुटत नाहीत. सहा आउटपुट वापरले तर ते आणि एक निळी अशा सात तारा त्यातून जातील, याचा हिशेब आधीच करावा.

आता वर सांगितलेल्या तफावतीकडे येतो. चार आउटपुटच असतील तर माझी वाटणी अशी असते: पांढरीवर पुढचा हेडलाइट आणि पुढचे पांढरे मार्कर, पिवळीवर मागचे तेच, हिरवीवर पुढचे लाल मार्कर आणि जांभळीवर मागचे लाल मार्कर. लाल दिवे पांढऱ्या-पिवळीवर टाकण्याचा मोह आवरावा. एकदा ते तिथे सोल्डर झाले की कोणत्याही प्रोग्रॅमिंगने वेगळे होत नाहीत, आणि डबे जोडल्यावरही इंजिनाच्या पाठीशी लाल पेटत राहतो. दिवे वायरीने वेगळे ठेवले, तर ते एकत्र करायचे की नाही हे नंतर आकड्यांनी ठरवता येते.

हे आकडे म्हणजे सीव्ही, डिकोडरच्या स्मृतीतल्या सेटिंगच्या क्रमांकित जागा. बटणे आणि आउटपुट यांची सांगड सीव्ही ३३ पासून पुढे असते. एफ-०, एफ-१ ही नियंत्रकावरच्या बटणांची नावे. ३३ म्हणजे पुढे जाताना एफ-०, ३४ म्हणजे मागे जाताना एफ-०, ३५ म्हणजे एफ-१ आणि ३६ म्हणजे एफ-२. पांढरीची किंमत १, पिवळीची २, हिरवीची ४ आणि जांभळीची ८. जे आउटपुट लागावेत असे वाटते त्यांच्या किमतींची बेरीज त्या सीव्हीत लिहायची. साध्या डिकोडरात कारखान्यातून ३३ मध्ये १, ३४ मध्ये २, ३५ मध्ये ४ आणि ३६ मध्ये ८ लिहिलेले असतात. माझ्या वाटणीत गाडी ओढणाऱ्या इंजिनासाठी हे आकडे आहेत तसेच चालतात: एफ-० ने दिशेप्रमाणे पांढरे दिवे लागतात आणि एफ-१, एफ-२ न दाबता लाल बंद राहतात. एखादे इंजिन मी डब्यांशिवाय सुटेच फिरवणार असेन, तर ३३ मध्ये १ अधिक ८ म्हणजे ९ आणि ३४ मध्ये २ अधिक ४ म्हणजे ६ लिहितो. मग दिशा बदलली की पुढे पांढरे आणि मागे लाल आपोआप बदलतात. एफ-४ पासून पुढच्या बटणांच्या सीव्हींमध्ये याच आउटपुटच्या किमती सरकलेल्या असतात, म्हणून तिथे डिकोडरसोबत आलेला तक्ताच पाहावा.

सहा किंवा अधिक आउटपुटचा डिकोडर परवडत असेल तर तोच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात हेडलाइट आणि मार्कर वेगळे होतात, हेडलाइट एकटाच मंद करता येतो आणि सातवे आउटपुट असेल तर फ्लॅशरला स्वतःचे आउटपुट मिळून त्यावर लुकलुकण्याचा परिणाम लावता येतो. मात्र २१ पिनांच्या डिकोडरात तिसऱ्या जादा आउटपुटपासून पुढे काही वेळा फक्त संकेतापुरती वीज मिळते. तिथे इंजिनाच्या सर्किट बोर्डवर ट्रान्झिस्टर नसेल तर एलईडी पेटत नाही, हे विकत घेण्याआधी तपासावे. ईएसयू कंपनीच्या डिकोडरांत बटणे-आउटपुटच्या तक्त्यातल्या प्रत्येक ओळीला दिशा, थांबलेले की चालते, कोणते बटण दाबलेले आणि कोणते नाही अशा अटी घालता येतात. झिमो कंपनीने तर सीव्ही ४३० पासून पुढे "स्विस मॅपिंग" नावाची सोयच ठेवली आहे, कारण स्विस रेल्वेच्या दिव्यांचे नियम साध्या बेरजेत मावत नव्हते. आपले नियमही मावत नाहीत. तीच सोय वापरून "गाडी जोडलेली" आणि "इंजिन सुटे" अशा दोन बटणांनी सगळे दिवे बरोबर लागतील अशी रचना करता येते, आणि दिशा बदलताना वेगळे काही दाबावे लागत नाही. झिमोमध्ये सीव्ही ६० ने सगळ्या आउटपुटचा उजेड एकदम कमी करता येतो. तरीही मी उजेड आधी रेझिस्टरने ठरवतो आणि सीव्हीने फक्त घासूनपुसून घेतो, कारण डिकोडर रिसेट झाला तरी रेझिस्टर आपल्या जागी असतो.

इंजिन पुढे जाताना मागचा दिवा लागतो, अशी अडचण बऱ्याच जणांना येते आणि बरेच जण ती सीव्ही २९ मध्ये १ मिळवून सोडवू पाहतात. त्याने ती सुटत नाही. सीव्ही २९ चा तो बिट मोटर आणि दिशेचे दिवे दोन्ही एकत्रच उलटवतो, त्यामुळे त्यांच्यातला विसंवाद तसाच राहतो. अशा वेळी नारिंगी आणि करडी वायर आपापसात बदलावी, किंवा सीव्ही ३३ आणि ३४ मधल्या किमतींची अदलाबदल करावी. दोन्ही केबिनच्या विद्युत इंजिनात पुढचे टोक कोणते हे दिसून येत नाही, म्हणून मी शेलच्या आत केबिन १ च्या बाजूला रंगाचा ठिपका देतो.

पत्त्याचेही एक भारतीय वैशिष्ट्य आहे. डिकोडरला इंजिनाचा खरा क्रमांक द्यावा असे सगळ्यांनाच वाटते, पण आपले क्रमांक पाच आकडी असतात आणि डीसीसीचा लांब पत्ता १०२३९ च्या पुढे जात नाही. म्हणून शेवटचे चार आकडे घ्यावे लागतात. समजा इंजिन २७१३४ आहे, तर पत्ता ७१३४. त्याला २५६ ने भागले की भागाकार २७ आणि बाकी २२२. सीव्ही १७ मध्ये १९२ अधिक २७ म्हणजे २१९, सीव्ही १८ मध्ये २२२, आणि सीव्ही २९ मध्ये नेहमीच्या ६ ला ३२ जोडून ३८. हल्ली हे गणित जेएमआरआय हे मोफत सॉफ्टवेअर करून देते. आर्डुइनो मेगा हा छोटा नियंत्रक बोर्ड आणि मोटर शील्ड यांवर चालणारे डीसीसी-ईएक्स जोडले की कमी खर्चात घरच्या घरी प्रोग्रॅमिंगची व्यवस्था उभी राहते. तरी एकदा हाताने करून पाहावे, म्हणजे पडद्यावर काय चालले आहे ते समजते.

नवीन वायरिंग केलेले इंजिन आधी प्रोग्रॅमिंगच्या रुळावरच, म्हणजे सीव्ही लिहिण्यासाठीच्या वेगळ्या तुकड्यावर, ठेवावे. तिथे करंटवर मर्यादा असते, त्यामुळे कुठे शॉर्ट असेल तर डिकोडर जळण्याआधी लक्षात येते. सीव्ही ८ वाचून पाहावा. निर्मात्याचा क्रमांक परत आला तर डिकोडर जिवंत आहे आणि रुळांशी त्याचे बोलणे सुरू आहे. हे उत्तर देताना डिकोडर सुमारे ६ मिलिसेकंद निदान ६० मिलिअँपिअर जादा ओढतो, आणि त्यासाठी तो मोटर वापरतो म्हणून इंजिन जागच्या जागी किंचित उसळते. टेबलावर मोटर न जोडता फक्त दिवे तपासत असलो तर हे उत्तर मिळत नाही, कारण दोन-चार एलईडींचा करंट तेवढा भरत नाही. तेव्हा नारिंगी आणि करडीच्या मध्ये १५० ओहमचा रेझिस्टर तात्पुरता लावावा. पत्ता ठरल्यावर दिव्यांचे सीव्ही मुख्य रुळावर बदलणे सोपे जाते, कारण परिणाम समोर दिसतो.

रुळांवर धूळ बसली की दिवे लुकलुकतात, आणि आमच्याकडे मार्चनंतर धुळीला तोटा नसतो. निळी वायर आणि डिकोडरची ऋण बाजू यांच्यामध्ये २५ व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लावला, त्याच्या वाटेत १०० ओहमचा रेझिस्टर आणि त्याला समांतर डायोड ठेवला, की लुकलुक थांबते. ऋण बाजू म्हणजे काळी वायर नव्हे. काळीला जोडलेला कपॅसिटर फुटतो. ऋण बाजूचा बिंदू डिकोडरच्या माहितीपत्रकात दाखवलेला असतो. उन्हाळ्याचा आणखी एक परिणाम म्हणजे दुहेरी फोम टेप. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, बंद खोलीत त्या टेपचा चिकटा पातळ होतो आणि डिकोडर घसरून चासिसच्या धातूला टेकतो. मी डिकोडरखाली उष्णता सोसणारी पिवळी कॅप्टॉन टेप लावतो आणि वरून तिचीच पट्टी बांधतो. डिकोडरला संपूर्ण गुंडाळत नाही, कारण त्याची उष्णता बाहेर पडायला वाट हवी.

सध्या कागदावर आहे ते पाचोरा-जामनेर नॅरोगेजचे झेडडीएम डिझेल इंजिन. ती गाडी, आमच्याकडची "पीजे", आता बंद आहे. तिचा गेज ७६२ मिलिमीटर होता. त्याला ८७ ने भागले तर ८.७६ येतात, म्हणजे बाजारात मिळणारा ९ मिलिमीटरचा एन गेजचा रूळ एचओ प्रमाणात तिला जवळजवळ अचूक बसतो. आपल्या ब्रॉडगेजला हे भाग्य नाही: १६७६ चे १९.२६ व्हायला हवेत आणि आपण १६.५ वर भागवतो. झेडडीएमच्या अरुंद हुडमध्ये एक सेंटिमीटरहून लहान डिकोडरच मावेल आणि त्याला दिव्यांचे आउटपुट मोजकेच असतील. त्यामुळे इथे हेडलाइट आणि पांढरे मार्कर प्रत्येक टोकाला एकत्र, लाल मार्कर वेगळे, आणि फ्लॅशर नाही, असे ठरवले आहे. कपॅसिटरला हुडमध्ये जागा नाही. तो इंजिनामागच्या पहिल्या डब्यात ठेवून दोन बारीक तारांनी आणायचा, म्हणजे ते इंजिन आणि तो डबा कायमचे एकत्र राहतील. पण इंजिन जामनेरला सुटे होऊन गाडीच्या दुसऱ्या टोकाला जोडले जायचे. ते दृश्य करायचे तर डबा जोडून ठेवता येणार नाही. म्हणून कपॅसिटर सोडून देऊन चारही आसांच्या सगळ्या चाकांवरून वीज घ्यायची, असे तूर्तास पक्के केले आहे. आसांच्या मागे लावायच्या फॉस्फर ब्राँझच्या पट्ट्या कापून तयार आहेत.